काळ्या कोंबडीवर शिस्तभंगाची कारवाई

जितेंद्र राऊळ ओरोसच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढून, हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन तळेऱ्याच्या आतल्या आपल्या गावी परत आले, तेव्हा गावाला वाटलं, माणूस आता आराम करील. गाव भोळंच. आठव्या दिवशी राऊळसाहेबांनी परसातल्या काजूंना नंबर घातले. पंधराव्या दिवशी न्हाणीघराच्या दारावर ‘गरम पाण्याची वेळ : सकाळी सहा ते सात’ असा कागद चिकटवला. महिन्याभरात घरातले सगळे पिवळे बल्ब काढून भंगारवाल्याला दिले आणि जागोजाग एलईडी लावले, कारण जुने बल्ब म्हणे वीज खातात आणि नुसतेच तापतात.

साहेब ओरोसला असताना हे घर इतकी वर्षं त्यांची बायको रुक्मिणी एकटीने चालवत होती. भात, काजू, एक गाय आणि दहा-बारा कोंबड्या. साहेब शनिवारी यायचे, रविवारी जेवून जायचे. त्यामुळे घर आपोआप चालतं असं त्यांचं मत झालं होतं, आणि जे आपोआप चालतं त्यात शिस्त नसते, हे दुसरं मत. कचेरीतली प्रमाण मराठीही त्यांच्या तोंडून सुटली नव्हती. “रुक्मिणी, सदर चहात साखर कमी आहे,” असं ते म्हणायचे. रुक्मिणी “बरा” म्हणायची आणि साखर घालायची.

जानेवारीत त्यांची मुलगी सृष्टी आरोंद्याला सासरी दुसऱ्यांदा बाळंत झाली. रुक्मिणीला बारा दिवस तिकडे जाणं भाग होतं. नेमकी त्याच आठवड्यात बचत गटाची कोंबडीची पिल्लं यायची होती. गटात रुक्मिणी धरून दहा बायका, पिल्लं वीस, प्रत्येकीला दोन. मागच्या वर्षीची पिल्लं थंडीने गेली होती म्हणून बायका पुन्हा घ्यायला तयार नव्हत्या. रुक्मिणीने भर बैठकीत शब्द दिला होता, “पयले दिवस माझ्याकडे ठेवा. मी जगवन दितंय.” बायका तिच्या त्या एका शब्दावर तयार झाल्या होत्या.

निघताना तिने नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली, आणि दोनदा सांगितली.

“ओ, काळी कोंबडी खुडूक झाली हा. तिका हात लावू नकात. बेस्तरवारी पिल्लां येतली. तिन्हीसांज झाली की एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवा. फुडचा ती बघता.”

साहेबांनी मान हलवली. साहेबांनी मान हलवली म्हणजे त्यांनी ऐकलं असं नव्हे. त्या कचेरीत ज्यांनी हेलपाटे घातले, त्यांना विचारा.

सोमवारी साहेबांनी खुराड्याची तपासणी केली. काळी कोंबडी कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली. अंडं नाही, चरायला जाणं नाही, हात पुढे केला तर चोच मारते. हजेरी पूर्ण, काम शून्य. अशी माणसं साहेबांनी कचेरीत ढिगाने पाहिली होती, त्यांतला एक तर त्यांच्याच खुर्चीत बसायचा. तिथे काही करता आलं नाही, ते इथे करायचं त्यांनी ठरवलं.

कोंबडीची खुडूक, म्हणजे उबवायला बसायची ओढ, मोडायची रीत गावात सगळ्यांना ठाऊक असते. अंडी हवी असली की कोंबडीला गार पाण्यात बुडवतात, नाकपुडीत पीस अडकवतात, पायाला दोरी बांधून उजेडात ठेवतात. साहेबांच्या वडिलांचीही हीच रीत होती. साहेबांनी तिन्ही उपाय एकदमच अमलात आणले. सकाळ, दुपार, संध्याकाळ बादलीत बुडी, मध्ये पिसाचा जाच. बुधवारी संध्याकाळी कोंबडीने अंग झाडलं, दोरी सोडताच तडक कोंबड्यामागे पळाली आणि शेणाचा ढीग उकरू लागली. साहेबांना धन्य वाटलं. रुक्मिणीला फोन करावा असं मनात आलं, पण ती आल्यावर सविस्तर अहवालच देऊ, असं म्हणून त्यांनी फोन खिशात ठेवला.

पिल्लांचं काय, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. कोंबडीच्या पोटाखाली पिल्लं ठेवणं हा त्यांच्या लेखी अडाणीपणा होता. त्यांनी मोबाइलवर बघून ठेवलं होतं की पिल्लांवर बल्ब टांगला की काम झालं.

गुरुवारी दुपारी निलेश रिक्षावाल्याने तळेऱ्याहून खोका आणून दिला. एका दिवसाची वीस पिल्लं, मुठीत मावतील एवढी. साहेबांनी ती हाऱ्यात, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीत, ठेवली, वर नऊ वॅटचा एलईडी टांगला आणि खुर्ची ओढून बसले. हाऱ्यात लख्ख उजेड पडला. ऊब मात्र औषधालाही नव्हती. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ओरडू लागली. साहेबांनी दुसरा एलईडी लावला, मग पडवीतला काढून तिसरा. त्याने एवढंच झालं की पिल्लांचं थरथरणं जास्त स्पष्ट दिसू लागलं.

चारच्या सुमाराला एक पिल्लू आडवं पडलं आणि उठलं नाही. थोड्या वेळाने दुसरं. मग साहेबांना काळ्या कोंबडीची आठवण झाली. त्यांनी परसभर धावून तिला पकडली आणि हाऱ्यात बसवली. ती तीन दिवसांची शिस्त विसरली नव्हती. एका पिल्लाला टोच मारून ती फडफडत बाहेर पडली आणि पेरूच्या फांदीवर जाऊन बसली.

आता साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून पुष्कळ कागद गहाळ झाले होते, पण कागद असे तोंड उघडून ओरडत नाहीत. शिवाय ही पिल्लं रुक्मिणीच्या शब्दावर आलेली. ती परत येईल, हाऱ्यात डोकावेल, काही बोलणार नाही आणि मग नऊ बायकांच्या दारात एकटी जाईल. हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि साहेब चपला न घालताच शेजारी आनंदीबाईंकडे गेले.

आनंदीबाई नात्याने त्यांची चुलती, वय पंचाहत्तर. सहाच महिन्यांपूर्वी साहेबांनी तिच्या कोंबड्या आपल्या कुंपणात शिरतात म्हणून ग्रामपंचायतीला दोन पानी अर्ज केला होता. ती अंगणात भात पाखडत होती.

“काकी, आपल्याकडे एखादी खुडूक कोंबडी उपलब्ध आहे का?”

“माझ्ये कोंबड्यो तुझ्या कुपणात येतत म्हणान कागद केलंस ना रे? मगे आता कशी धाडू?”

“ते प्रकरण वेगळं आहे. सध्याची निकड अशी की…” इथे साहेबांची प्रमाण मराठी संपली. “काकी गो, पिल्लां मरतत गो! दोन मेली. माका काय सुचना नाय!”

आनंदीबाईंनी सूप खाली ठेवलं. “काळी बसलेली ना? ती खंय गेली?”

“तिका… पाण्यात बुडयलंय. तीन दिवस.”

म्हातारी आधी आ वासून बघत राहिली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “माझी एक बसली हा, पण ती आपल्या अंड्यांवर. तिका उठवची नाय. आता तूच बस, जितग्या.”

ती हसली, पण पदर खोचून आलीही. येताना गोणपाट आणि जुनं मडकं घेऊन आली. हाऱ्यात तिने भाताचं तूस पसरलं. मडक्याच्या तळाला चुलीतले चार निखारे, त्यावर गरम राख, वर झाकण, भोवती गोणपाटाचे दोन वेढे. मडकं मधोमध ठेवून हाऱ्यावर फडकं टाकलं आणि हवेला चार बोटं फट सोडली. निखारे जास्त झाले तर पिल्लं भाजतील, कमी पडले तर गारठतील, तेव्हा दर दोन-तीन तासांनी राख बदलायची.

“किती अंश तापमान ठेवायचं?” साहेबांनी वही काढली.

“वही ठेव थंय. पिल्लां एकमेकांवर चढली तर थंड पडली. मडक्यापासून लांब पळाली तर ताप झालो. गप बसली तर तू पण गप बस.”

राऊळसाहेब गप बसले. बायको, मुलगी, वरिष्ठ, कनिष्ठ, कोणालाही आजवर जे जमलं नव्हतं ते वीतभर मडक्याने करून दाखवलं. दिवसा हाऱ्यापाशी, रात्रीही हाऱ्यापाशीच चटई. पहिल्या रात्री डोळा लागला आणि पिल्लांच्या ओरड्याने ते दचकून उठले. त्यानंतर त्यांनी झोपेचा विचारच सोडला. धुराने डोळे लाल, सदऱ्याच्या बाहीला निखाऱ्याचं भोक, दाढी वाढलेली. एक पिल्लू मडक्यापाशी टिकेना, ते त्यांनी स्वेटरच्या आत छातीशी धरलं. कचेरीत अडलेल्या कुठल्याही माणसाला त्यांनी एवढं जवळ केलं नव्हतं.

बातमी लपणार कुठे? निलेशने फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, ‘साहेब खुडूक बसले’. मग रीघ लागली. गटातल्या बायका आपापली पिल्लं बघायला म्हणून आल्या आणि साहेबांना बघून, तोंडाला पदर लावून गेल्या. माध्यमिक शाळेचे मास्तर आले. एकाने साहेबांना विचारलं, पाण्यात बुडवूया काय? साहेबांनी ओठावर बोट ठेवून त्याला गप केलं, कारण पिल्लं नुकतीच निजली होती. चौथ्या दिवसापासून त्यांना या गर्दीची गोडी लागली. येणाऱ्याला ते राख, तूस आणि फट यांवर छोटंसं व्याख्यान देऊ लागले. आनंदीबाईंचं नाव व्याख्यानात नव्हतं.

बाराव्या दिवशी दुपारी रुक्मिणी आली. सगळी हकिगत तिला निलेशच्या रिक्षातच समजली होती. तिने पिशवी खांद्यावरून न उतरवता हाऱ्यात डोकावून बघितलं. पिल्लांना पंखांची पिसं फुटू लागली होती.

“अठरा,” ती म्हणाली.

“दोन हवामानाच्या प्रतिकूलतेमुळे…”

“ती दोन आमच्या वाट्याची म्हणान सांगतंय. बाकीच्यांची पुरी आसत.”

तिचा शब्द राहिला. साहेबांचा जीव भांड्यात पडला आणि पडल्याबरोबर त्यांना जोर चढला. आता शाबासकी यायला हवी होती. ती येईना, म्हणून त्यांनी स्वतःच सुरुवात केली. “पण रुक्मिणी, आठ दिवस! सलग आठ दिवस मी जागचा हललो नाही. झोप नाही, धड जेवण नाही. अख्खा गाव बघायला आला. एवढी ऊब देऊन कोणी कोणाला जगवलंय का, सांग.”

रुक्मिणी हाऱ्यापाशी टेकली. मडक्याला हात लावून बघितला, राख अजून गरम होती.

“सृष्टी सातव्या म्हयन्यात झाली,” ती म्हणाली. मीठ संपलंय असं सांगावं तशा आवाजात. “दीड किलोची. डाक्तर म्हणालो, ऊब तुटाक नये. तुमी तिसऱ्या दिसाक ऑडिट आसा म्हणान गेलास, ते म्हयन्यान इलास. मी बावीस दिवस तिका उघड्या पोटाक बांधून बसलेलंय. जेवलंय तशीच, निजलंय तशीच.”

मडक्यावरचं गोणपाट सैल झालं होतं, ते तिने नीट केलं.

“बघूक कोणच येवक नाय.”

ती पिशवी घेऊन आत गेली. राऊळसाहेबांना ते ऑडिट चांगलं आठवत होतं. त्यांच्या टेबलावर एकही आक्षेप निघाला नव्हता, आणि अठ्ठावीस वर्षं ही गोष्ट ते चारचौघांत अभिमानाने सांगत आले होते.