बदकाचं वय

आबांच्या तोंडात चारच दात उरले होते आणि त्यातले दोनच एकमेकांवर यायचे. तरी मळ्यात मटण शिजलं की नाही हे सांगायचा मान त्यांचाच. पहिल्या बदकाचा तुकडा त्यांनी बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवला, मग हातावर काढून उजेडात धरला आणि म्हणाले, “आरं, ह्ये बदक न्हाई. ह्यो माझ्या वर्गातला हाय.”

सगळे हसले. मला हसू येईना. त्याच्याच जोडीचं, तेवढ्याच वयाचं दुसरं बदक आप्पा सकाळीच शिरूरला देऊन आले होते.

आप्पा म्हणजे आबांचे थोरले चिरंजीव, मळ्याचे मालक. वडगाव रासाईत भीमेच्या काठाला त्यांचा ऊस आणि कांदा. मी मूळचा भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली. पाबळला माझ्यासारख्यांना हाताची कामं शिकवतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून एवढ्या लांब आलो, वर्षभर शिकलो. ते संपल्यावर कुठं जायचं हा प्रश्न होता, तेव्हा आप्पांनी बदकं सांभाळायला ठेवून घेतलं. म्हणाले, “बदकं चालली तर तू हायेस. न्हाई चालली तर बघू.”

त्या ‘बघू’नं माझी झोप उडाली होती. नदीपलीकडं दौंड. तिथं गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी आमचा मुलूख. लोक म्हणायचे, बरं हाय की, थेट गाडी हाय. मला त्या थेट गाडीचीच भीती वाटायची. घरी जाऊन सांगण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं.

बदकांना गिऱ्हाईक एकच होतं, शिरूरचे एक खानावळवाले मामा. त्या सुमाराला कारखान्यांत केरळची, बंगालची माणसं आली होती आणि ती मामांकडं जेवायला यायची. कोंबडीला कंटाळून बदक मागायची. मामा म्हणाले होते, नमुना पाठवा, जमलं तर कायमचं घेतो. आप्पांनी कळपातलं सगळ्यात थोराड, शेपटीची पिसं वर वळलेलं नर बदक निवडून दिलं. पाहुण्याला मोठं द्यायचं, यात त्यांचं काय चुकलं? आमच्याकडंही असंच करतात.

संध्याकाळी मामांचा फोन आला. आप्पांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता सांगितलं, “चप्पल झ्याक शिजली हुती म्हनं. कवळं असलं तर आना, म्हनला. पर एकदाच.”

पुढचं बदक फसलं की माझंही संपलं.

पण त्या धास्तीतच मला एक नाद लागला. वयानं मांसाचं होतं तरी काय? तेच पाणी, तेच दाणे, तेच गोगलगायी खाणं. मग एक मऊ आणि एक चिवट का? कापलेल्या जुन्या बदकाची मान मी टाकली नव्हती. तिच्यातली श्वासाची नळी दाबून बघितली, तर वाळल्या काडीसारखी कट्‌कन वाजली. कळपात नवी पिल्लंही होती, तेव्हा महिन्याची. त्यांतलं एक मुंगसानं मारलं, तेव्हा त्याची नळी दाबली. कांद्याच्या पातीसारखी चेपली आणि सोडल्यावर परत फुगली. चोचीचंही तसंच. पिल्लाची चोच बोटानं वाकायची, जुन्याची दगड. छातीच्या हाडाचं टोक लहानपणी कानाच्या पाळीसारखं लवतं, मोठेपणी टणक होतं. पक्षी न कापताच त्याचं वय हाताला कळतं, याचं मला फार नवल वाटलं. मी दिसेल त्या बदकाची छाती चाचपायला लागलो. काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, म्हणाल्या, “डॉक्टर, आमच्या म्हशीचं बी बघा जरा.”

पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर एक कापलं. बदकाच्या पिसांत साधं पाणी शिरतच नाही, आयुष्यभर पाण्यात राहून ते कोरडंच असतं. काकूंनी उकळत्या पाण्यात थोडी कपड्याची पावडर टाकली, तेव्हा कुठं पिसं सुटली. पण सुटली ती सगळी, खाली कातडी एकदम साफ. मांस फिकट गुलाबी. पहिलं होतं ते जांभळाच्या जवळ जाणारं. तासाभरात शिजलं. आबांनी दात न लावताच गिळलं.

“कसं हाय, आबा?”

“मऊ हाय.” मग बोटं चाटून, “पर बदक खाल्ल्यावानी वाटंना. पनीर खाल्ल्यावानी वाटतंय.”

मला दुसरी शंका तिथंच आली. म्हणजे मऊपणा जातो तशी चव येते? दोन्ही एका वेळी मिळतच नाहीत का?

आप्पा म्हणाले, हीच देऊन टाकू. पण तेवढ्यात कांद्याची काढणी आली आणि शिरूरला जायला कुणाला सवड झाली नाही. तीनेक आठवड्यांनी त्याच पिल्लांतलं एक मी न्यायच्या आधी साफ करून बघितलं. वरची पिसं निघाली, पण कातडीभर बारीक खुंट रुतलेले, ओढले तर तुटायचे, दाबले तर काळं पाणी यायचं. मला वाटलं रोग आला. काकूंनी वाकून बघितलं.

“रोग कसला? दाढी फुटलीय त्याला. पहिली पिसं गळून नवी येत्यात. न्हाव्याकडं न्ह्या.”

“मग आता?”

“आता काय, वयात आलेलं पोरगं हाय. वाट बघा.”

मटण तेव्हाही बरं लागत होतं, पण ते कातडं बघून खानावळीत कुणी जेवलं नसतं. कोवळ्याची वेळ हुकली होती. मला रात्रभर वाटत राहिलं की आता आप्पा ‘बघू’ म्हणणार. सकाळी त्यांनी काही म्हणायच्या आत मी एसटीनं शिरूरला गेलो. रिकाम्या हातानं. मामांना एवढंच विचारायचं होतं की तुम्ही बदक शिजवता कसं. हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

मामा कांदे चिरायला लावत होते. “कसं म्हंजी? आचारी सकाळी मसाल्यात घालतो, बारीक जाळावर ठेवतो, वरनं नारळाचं दूध. जेवायच्या टायमाला उतरवतो.”

“एवढा वेळ?”

“त्यांना तसंच लागतं. का रं?”

ते दोन महिन्यांचं पनीर आम्ही दिलं असतं, तर त्या जाळावर त्याचा गाळ झाला असता. हाडं तेवढी उरली असती. मी म्हटलं, “मामा, अजून थोडे दिवस थांबता का जी?”

“थांबतो की. पन तुझं ते ‘जी’ ऐकून वाटतं, माझं लगीन ठरवायला आलायस.”

मी थांबलो. रोज पंखाखाली फुंकर मारून खुंट बघायचो. पिल्लं चार महिन्यांवर गेली तशी नवी पिसं पुरी भरली, नरांच्या शेपटीला जेमतेम वळण येऊ लागलं. छातीचं टोक ना लवत होतं ना टणक होतं. एक कापलं. कातडी साफ निघाली. मी ते मामांच्या रीतीनं बारीक जाळावर दुपारपर्यंत ठेवलं. आबांनी तुकडा तोंडात घेतला, दोन दात एकमेकांवर आणले, जरा लढले आणि गिळला.

“आता चावावं लागतंय,” ते म्हणाले, “आन् चावतंय बी.”

दुसऱ्या दिवशी त्याच वयाचं बदक घेऊन मी शिरूरला गेलो आणि शिजेपर्यंत खानावळीच्या पायरीवर बसून राहिलो. कारखान्याची पाळी सुटून माणसं आली, जेवली. आत काय बोलतात ते मला कळत नव्हतं, ती भाषाच वेगळी. शेवटी मामा हात पुसत बाहेर आले.

“ह्येच पायजे. दर आठवड्याला. पन ह्याच वयाचं. एकदा बाळ, एकदा आजोबा, असलं चालनार न्हाई.”

परत आल्यावर मी आप्पांना सगळं सांगितलं. दर आठवड्याला एकाच वयाची बदकं हवी असतील, तर पिल्लं एकदम आणून भागणार नाही. थोडी थोडी, पाठोपाठ आणावी लागतील. एक थवा निघाला की मागचा तयार, त्याच्या मागं खुंटवाला, त्याच्या मागं पिवळी पिल्लं.

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. “म्हंजी ह्ये कवा संपायचंच न्हाई?”

“नाही जी.”

“आन् मग तू?”

चुलीपुढून काकू बोलल्या, “त्याला काय इचारता? खाटंचं बघा आधी. पोरगं किती दिस भुईवर निजायचं?”

दोन दिवसांनी आप्पा न्हावऱ्याहून येताना मोटारसायकलवर आडवी बांधून खाट घेऊन आले. ती मला आखूड होती, पाय बाहेर यायचे. कितीतरी वर्षं मी तिच्यावरच झोपलो.