मुनग्याचा चोथा

माझ्या धाकट्या भावाला बत्तीस दात आहेत आणि तो त्यांचा काहीही उपयोग करत नाही. सकाळी पालक, केळं, दूध आणि डब्यातली ती प्रोटीनची पावडर मिक्सरमध्ये घालतो, घर्रर्र करतो आणि उभ्या उभ्या पिऊन टाकतो. संध्याकाळी जुनवानीच्या जिममधून आला की पुन्हा तेच, फक्त पालकाच्या जागी बीट. आई विचारायची, "बाबू, जेवत कावून नाही?" तर म्हणायचा, "आई, यही जेवण है. सब इसी में है." आई त्या ग्लासात डोकावून पाहायची. तिला त्यात काही दिसायचं नाही.

बाबांना तर हा प्रकार घराण्याची बेअब्रूच वाटायची. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मोटर रिपेअरला होते. मोठाल्या मोटरी खोलायच्या, बिघाड शोधायचा, पुन्हा बसवायच्या, यातच त्यांची सगळी नोकरी सरली. जेवणही त्याच रीतीने, एकेक वस्तू खोलून आणि तपासून. रिसालीला घर बांधलं तेव्हा पाया भरायच्या आधी त्यांनी मागच्या कोपऱ्यात मुनग्याची फांदी रोवली. शेवग्याला आम्ही भिलाईवाले मराठी मुनगाच म्हणतो. आई उडदाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालून त्याचा रस्सा करायची, आणि बाबा एकेक शेंग दातांनी उकलून, चोखून, चावून तिचा चोथा पार कोरडा करायचे आणि ताटाच्या बाहेर, थेट टेबलावर ठेवायचे. जेवण संपेपर्यंत तिथं ढीग लागायचा.

आई दर वेळी ओरडायची, "ताटाले काठ कायले देला हाय? टेबल कोन पुसन?"

बाबा पुढची शेंग उचलायचे. हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासून सुरू होतं आणि त्यात कोणीच कधी जिंकलं नाही.

मुनग्याहून बाबांना एकच गोष्ट जास्त प्रिय होती, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला. गोंदियाकडून येणारा प्रत्येक पाहुणा लेकरांना बिस्किटं आणि बाबांना खर्र्याच्या पुड्या आणायचा. त्याचं जे व्हायचं ते झालं. गालात गाठ निघाली, रायपूरला ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचा थोडा जबडा आणि तिकडचे दात गेले. मग रेडिएशन. डॉक्टर म्हणाले, हे संपेपर्यंत वजन उतरता कामा नये. आता चावता येत नाही, मऊ भातसुद्धा गालात अडकतो, आणि वजन उतरू द्यायचं नाही. घ्या!

मला मान्य करावं लागतं, त्या वेळी आमच्या घरात तयारीचा माणूस एकच होता. भावाने दुधी, पालक, पनीर, शिजवलेलं वरण आणि त्याची ती महागडी पावडर असं सगळं एकत्र फिरवलं, गाळलं, ग्लासात स्ट्रॉ टाकली आणि तो बाबांसमोर ठेवला. बाबांनी त्या हिरव्या ग्लासाकडे बराच वेळ पाहिलं आणि पिऊन टाकला. पुढं आईने ते काम शिकून घेतलं. ग्लास ठेवताना ती पंगतीत वाढल्यासारखं सांगायची, "आज गाजर हाय, मसूर हाय, थोडी मेथी टाकली." बाबा म्हणायचे, "काल बी हेच होतं. फक्त कलर वेगळा."

हे ते जवळजवळ मिटल्या दातांतून बोलायचे. तसे ते रागावले की पहिल्यापासून दात आवळूनच बोलत, म्हणून आम्हाला समजायला जड गेलं नाही.

वजन टिकलं. रेडिएशन पार पडलं. भावाने बाबांना वाचवलं असं मी सगळ्यांना सांगते, फक्त त्याच्यासमोर सांगत नाही. आधीच आरशासमोर फार वेळ उभा राहतो तो.

मग डॉक्टरांनी नवीन गोष्ट सांगितली. रेडिएशनमुळे जबड्याचे स्नायू आखडतात आणि तोंड हळूहळू मिटत जातं. त्यासाठी व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्या असतात ना, त्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या आणि जबडा ताणून धरायचा. रोज. नाही केलं तर तोंड कायमचं बंद होईल आणि पुढचं सगळं नाकातल्या नळीने. हे त्यांनी बाबांसमोरच सांगितलं. बाबांनी मान हलवली, घरी आले आणि काड्या उशीखाली ठेवून दिल्या.

"बाबा, करा ना," मी म्हणायची. शाळेत शिकवून झालं की मी स्कूटीवर रोज रिसालीला माहेरी यायची ती यासाठीच, आणि जेवूनच सासरी परतायची.

"लाकूड चावाले मी का घूस हाय?"

त्यांचं तोंड तेव्हा चमच्याचं टोक जेमतेम जाईल एवढंच उघडायचं. पण स्ट्रॉ आरामात जायची, आणि तीच तर सगळी भानगड होती. पोट भरत होतं. तोंड उघडायची गरजच उरली नव्हती. ज्या ग्लासाने त्यांना तारलं तोच आता त्यांचं तोंड बंद करत होता, आणि ग्लास बंद करावा तर वजन जाणार. भाऊ चिडायचा, मी चिडायची, बाबा दोन मिनिटांत ग्लास संपवून आत जायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला फार भीती वाटत होती. नाकात नळी घातलेले बाबा मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते.

त्यात आमची एक रीत आडवी आली. ज्याला खाता येत नाही त्याच्यासमोर खायचं नाही, असं आमच्यात पक्कं आहे. त्याचा जीव तुटतो, आणि आपल्या अंगी तो घास लागत नाही. त्यामुळे ऑपरेशनपासून आम्ही तिघं स्वयंपाकघराचं दार लोटून, ओट्याशी उभं राहून जेवायचो. बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. फोडणीचा वास जाऊ नये म्हणून बाबा आंघोळीला गेले की तेवढ्यात आई फोडणी घालायची. आणि गंमत पाहा, ज्याने वर्षभर घास चावला नव्हता तो माझा भाऊ पोळीभाजी खायला लागला. चोरून खाल्लेलं जास्त अंगी लागतं बहुतेक. बाहेर सहा खुर्च्यांच्या टेबलावर बाबा एकटे आणि त्यांची स्ट्रॉ.

मिक्सर मात्र बिनधास्त वाजायचा. शेक दोन मिनिटांत होतो, पण आईचा मिक्सर चालतच राहायचा. एकदा मी दार ढकललं तर भरलेला ग्लास ओट्यावर तयार होता, मिक्सरवर रिकामं भांडं फिरत होतं आणि आई पदराने डोळे पुसत होती. मला पाहून म्हणाली, "गरम होते का, पाहून राहिली होती."

मी "हो" म्हटलं आणि दार पुन्हा लोटून घेतलं. त्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नव्हतं, म्हणून तिने ती जागा निवडली होती.

होळीच्या आसपास मुनगा असा लदबदला की फांद्या कंपाउंडवर टेकल्या. शेजारपाजारचे पिशव्या भरभरून नेत होते आणि आम्ही आपले शहाण्यासारखे दुधी किसत होतो. शेवटी आईला राहवलं नाही. बाबा आंघोळीला गेल्यावर तिने मुनगा-बडी टाकली. आम्ही तिघं ताटं घेऊन ओट्याशी उभे राहिलो. पण मुनगा काही गुपचूप खायची वस्तू नव्हे. चोखताना आवाज होतोच.

दार उघडलं. बाबा उभे, खांद्यावर टॉवेल. भावाच्या तोंडातून शेंगेचं अर्धं टोक बाहेर आलेलं होतं. ते त्याने आतही घेतलं नाही, बाहेरही काढलं नाही.

"चोरावानी कावून खाऊन राहिले?"

"तुमाले तरास होईन म्हनून," आई म्हणाली.

"मले तरास?" बाबांचा आवाज दातांतून गाळून यायचा, पण त्या दिवशी तो चांगला मोठा आला. "त्या टेबलावर मी एकटा बसून राहतो. माया घरात मले कोनी जेवताना दिसत नाही. मी मेलो का? अवं, तेरवीले बी लोक फोटोसमोर बसून जेवतेत!"

बापरे! आम्ही मुकाट्याने ताटं उचलली आणि टेबलावर जाऊन बसलो. बाबा आपल्या खुर्चीत बसले, आईच्या ताटातली शेंग उचलली आणि दातांना लावली. शेंग आत जाईना. त्यांनी जोर लावला, आडवी केली, उभी केली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझा घास तसाच तोंडात राहिला.

"रुकिए बाबा, मैं ग्राइंड कर देता हूँ," भाऊ म्हणाला, आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत त्याने चार शेंगा सालासकट मिक्सरमध्ये टाकल्या. मिक्सर एकदा घुर्र झाला, मग नुसताच हुंकारायला लागला आणि जळका वास सुटला. बाबांनी धावत जाऊन बटण बंद केलं. भांडं उलटं केलं तर पात्याला मुनग्याचे दोरे असे करकचून गुंडाळले गेले होते की पातं दिसेना. बाबा ते एकेक करून उलगडायला बसले. "जिममदी हे शिकवत नाही का बे?" म्हणाले, आणि हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. हसताना जबडा दुखला म्हणून गाल धरला आणि गाल धरूनही हसत राहिले.

मिक्सर दुरुस्त करून झाल्यावर त्यांनी एक शेंग उभी चिरली, तिची बारीक फाक दातांत सरकवली आणि तशीच धरून बसले. आम्ही जेवत होतो. ते आमच्याकडे पाहत होते.

त्या दिवसापासून काड्या गेल्या आणि मुनगा आला. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं, मग म्हणाले, चालेल, पण दोरा गिळायचा नाही आणि समोर कोणीतरी बसलं पाहिजे. समोर बसायला आमच्याकडे तिघं होते. आधी बारीक फाक, मग जाड फाक, मग अर्धी शेंग. कधी जबडा सुजायचा आणि दोन पावलं मागे. कधी बाबा शिव्या घालायचे, मुनग्याला, डॉक्टरला, भावाला. घरच्या शेंगा संपल्या तेव्हा मी कुरुदच्या बाजारातून निवडून आणायची. सकाळचा शेक चालूच होता, अजूनही आहे. बाबा तो औषध म्हणून घेतात आणि जेवण वेगळं मागतात.

एका रविवारी आम्ही चौघं जेवत होतो. बाबांनी शेंगेचा तुकडा उचलला, न चिरलेला, अख्खा. तोंड उघडलं. तुकडा उजव्या दाढेखाली गेला. मग ते चावायला लागले. कितीतरी वेळ चावत होते. शेवटी त्यांनी कोरडा ठणठणीत चोथा बाहेर काढला, नीट पाहिला आणि ताटाच्या बाहेर टेबलावर ठेवला.

"ताटाले काठ कायले..." आईने सुरुवात केली. अर्ध्यातच ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं. मिक्सर सुरू झाला.

"अब ये किसके लिए बना रही है?" भाऊ म्हणाला.

बाबांनी दुसरा तुकडा उचलला. "कोनासाठी नाही. भांडं रिकामं हाय, आवाज ऐक ना. किती दिसांपासून रिकामंच चालवून राहिली."

म्हणजे इतके महिने ते भिंतीकडे तोंड करून हे ऐकत होते.

मग त्यांनी तोंड उघडेल तितकं उघडून आत हाक मारली, "अवं, रिकामी मोटर चालवू नोको, जळन! इकडं येऊन रड!"

मिक्सर बंद झाला. आई टेबल पुसायचं फडकं घेऊन बाहेर आली, त्यानेच डोळे पुसले आणि बाबांच्या शेजारी जेवायला बसली. टेबल कोणी पुसलं नाही.