रविवारी व्हर्नाकडे जेवायला

व्हर्ना स्टेनवुडच्या लूथरन चर्चमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. शाळेत नवी मास्तरीण म्हणून लागलेली, गावात ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. चार रविवार ती आली, बसली, उठली. लोक वाईट नव्हते. हसायचे, गीतांचं पुस्तक पुढं करायचे, दार धरून उभे राहायचे. पण उपासना संपली की तळघरात कॉफीचे कप घेऊन आपापले घोळके करायचे, आणि व्हर्ना कोटाची बटणं लावत एकटीच बर्फातून चालू लागायची. पाचव्या रविवारी तिनं ठरवून टाकलं, आता पुरे. देव काय, खोलीतही भेटतो.

तेवढ्यात इंगा टॉल्फसन नावाच्या एका धिप्पाड म्हातारीनं तिची बाही धरली.

"जेवायला कुठं चाललीस?"

"खोलीवर. सूप आहे."

"सूप आजाऱ्यानं प्यावं. घरी कोंबडी भाजलीय. चल."

त्या टेबलावर समोर इंगाचा मुलगा माइलो बसला होता. अख्ख्या जेवणात तो तीनच शब्द बोलला, "बटाटे इकडे द्या." दीड वर्षानं व्हर्नाचं आडनाव टॉल्फसन झालं. ती म्हणायची, "लोकांची लग्नं मध्यस्थ जुळवतात, माझं कोंबडीनं जुळवलं."

इंगा गेल्यावर चर्चच्या दारातली तिची जागा व्हर्नानं घेतली. ती कुणाला 'स्वागत आहे' वगैरे म्हणायची नाही. नवा चेहरा दिसला की सरळ, जेवायला कुठं जाताय? रस्ता चुकलेले ट्रकवाले, नवा पशुवैद्य, नुकतंच लग्न झालेली जोडपी, सगळी तिच्या टेबलावर जेवून गेली. एकदा तर चर्च उबदार ठेवणारी तळघरातली भट्टी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाच तिनं हाताला धरून नेलं. तो कॅथलिक निघाला, दुसऱ्या पंथाचा. "असू दे," व्हर्ना म्हणाली, "भूक सगळ्यांची सारखीच."

माइलोला जाऊन बरीच वर्षं झाली, व्हर्ना सत्त्याहत्तरची झाली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख एप्रिलची दिली होती. तोवर तिला माणसं कोटांच्या रंगांवरून कळायची. जानेवारीतल्या एका रविवारी शेवटचं गीत चालू असतानाच एक तपकिरी कोट आणि एक हिरवा कोट दाराकडे घाईनं येताना तिला दिसले. कोट अनोळखी. व्हर्नानं वाट अडवली.

"जेवायला कुठं जाताय?"

दोघं थबकली. एकमेकांकडे पाहिलं. "कुठंच नाही," तपकिरी कोट म्हणाला.

"मग माझ्याकडे. हॉटडिश ओव्हनमध्ये आहे."

त्यांची नावं वेंडेल आणि आर्डिस क्वामी. खिम्यावर बटाट्यांचा कुरकुरीत थर असलेलं ते हॉटडिश वाढता वाढता व्हर्नानं त्यांना गावाची माहिती द्यायला सुरुवात केली. दवाखाना कुठं, ब्रेड कुठला चांगला. "आमचे पाळकसाहेब माणूस देवासारखा, फक्त प्रवचनाला शेपूट फार."

"हो ना," आर्डिस हळूच म्हणाली. "आधीचे बरे होते. तुमच्या माइलोच्या अंत्यविधीला किती छान बोलले होते."

व्हर्नाचा डाव हवेतच राहिला. "तुम्ही होतात तिथं?"

"होतो."

"स्टेनवुडला येऊन किती दिवस झाले तुम्हाला?"

"येत्या ईस्टरला बावीस वर्षं," वेंडेल म्हणाला. "धान्याच्या कोठारावर कामाला आहे मी."

"आणि चर्चला?"

"तेवढीच. शेवटच्या बाकावर बसतो."

व्हर्नाचे कान लाल झाले. "अरे देवा! मग मघाशी बोलला का नाहीत?"

वेंडेलनं ताटलीकडे पाहिलं. "तुम्ही जेवायला बोलावत होतात. म्हटलं, खरं सांगितलं तर जेवण हातचं जायचं."

व्हर्ना इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ती दोघंही हसली. मग हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "बावीस वर्षांत कुणीच बोलावलं नाही?"

"लोक चांगलेच आहेत," आर्डिस म्हणाली. "आम्हीच पटकन निघून जातो."

"का गं?"

आर्डिसनं हातरुमालाची घडी घातली, मोडली. "थांबलं की वाटतं, आज कुणी बोलावेल. त्यापेक्षा निघालेलं बरं."

व्हर्नानं मनात वर्षं मोजली. बावीस वर्षांपूर्वी माइलो अंथरुणाला खिळला होता. ती दोन वर्षं त्याच्या उशाशी होती, आणि चर्चच्या दारात कुणीच नव्हतं. नेमकी त्याच वेळी ही दोघं आली होती. त्यानंतर ती परत दारात उभी राहिली, पण तोवर ही दोघं तिच्या लेखी 'जुनी' झाली होती. आपण नव्यांसाठीच दार धरून बसलो, असं तिच्या मनात आलं.

"त्या वर्षी मी दारात नव्हते," ती म्हणाली.

"आज होतात की," वेंडेल म्हणाला. "अजून थोडं वाढता का?"

पुढच्या रविवारी व्हर्नानं आर्डिसला आपल्या शेजारी उभं केलं. "मला दिसत नाही. कोण नवं, कोण जुनं, तू सांग."

"मला लोकांशी बोलता येत नाही हो."

"मग तर उत्तम. बोलणारे गावात पोत्यानं आहेत."

आर्डिसला सगळी माहिती होती. बावीस वर्षं शेवटच्या बाकावर बसून तिला मंडळीतल्या साऱ्यांच्या पाठी पाठ झाल्या होत्या. "तो खांदे पाडून बसलाय ना, त्याची बायको डिसेंबरपासून दिसली नाही," ती कुजबुजायची. त्या हिवाळ्यात व्हर्नाच्या टेबलावर जुनीच माणसं आली. काहींनी तर आत येताना विचारलं, "काही चुकलं का आमचं?"

मार्चमध्ये टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला लागलेलं एक काँगोचं कुटुंब उपासनेला आलं. नवऱ्याचं नाव बहाती, बायकोचं फुराहा. व्हर्ना मुद्दाम गप्प राहिली. आर्डिस दोनदा खाकरली, घामेजली, आणि एका दमात म्हणाली, "जेवायलाकुठंजाताय?"

बहातीचा चेहरा उजळला. "कुठं नाही! पण बाई, आम्ही आठ आहोत. भाऊ मुलांना घेऊन गाडी काढायला गेलाय."

आर्डिसनं व्हर्नाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? तू बोलावलंस, तुझ्याच घरी," व्हर्ना म्हणाली. "आणि मीही येतेय. म्हणजे नऊ."

क्वामींच्या घरात खुर्च्या चारच. वेंडेलनं गॅरेजमधून बाक आणला, रंगाचे डबे उलटे घातले. बहातीनं आपल्या भाषेत आभाराची प्रार्थना केली, ती इतकी लांबली की रश्श्यावर साय धरली. पहिला घास घेऊन फुराहानं व्हर्नाला अदबीनं विचारलं, "आई, तिखट कुठं असतं?" तिच्या देशात वडीलधाऱ्या बाईला नावानं हाक मारत नाहीत.

"मिरपूड आहे ना," व्हर्ना म्हणाली.

फुराहा हसली आणि पर्समधून लाल चटणीची छोटी बाटली काढली. वेंडेलनं चमचाभर घेतली. त्याचं तोंड बीटासारखं लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, मुलं टाळ्या पिटायला लागली. आर्डिस पाणी आणायला धावली, तर त्यानं हातानंच तिला थांबवलं आणि बाटली पुन्हा मागितली.