कासारणीने धरलेला हात

माझी बायको गेली त्याला दोन वर्षं होत आली. तिच्या छातीत गाठ होती आणि कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. मी खंडोबाला साकडं घातलं, भीमाशंकरला जाऊन आलो, उपास केले. ती गेलीच. लोक भेटायला आले आणि म्हणाले, सवाष्ण गेली, भाग्याची होती. त्यांना हाताला धरून दाराबाहेर काढावं असं वाटत होतं. तेव्हापासून मी देवाला हात जोडले नाहीत. देव्हाऱ्यातलं सगळं सून करायची. मी तिकडे पाठ करून चहा प्यायचो. मी चौथी शिकलेला माणूस, मला गोडगोड लिहिता येत नाही. जसं झालं तसं लिहितो.

यंदा सुनेच्या, सविताच्या छातीत गाठ निघाली. त्याच जागी. मी ते ऐकलं आणि गोठ्यात जाऊन बसलो. मंचरच्या दवाखान्यात गाठ काढली, तपासायला पाठवली, साधीच निघाली. पोरगा पेढे घेऊन आला. मी खाल्ला नाही. माझ्या बायकोची गाठ साधी का निघाली नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. सून वाचली याचा आनंद व्हायच्या आधी मला हे सुचलं.

पोरगा आळेफाट्याहून ट्रक चालवतो. चार दिवस घरी थांबला, मग टोमॅटोचा माल घेऊन लांब गेला. लोणीच्या घरात मी आणि सविता, दोघंच. ऑपरेशननंतर काय सांभाळायचं, कशाला घाबरायचं, कशाला नाही, ते नर्सबाईने तिला आत बोलावून सांगितलं होतं. मी बाहेर उभा होतो. सासऱ्याने असल्या गोष्टी ऐकायच्या नसतात, आमच्याकडे रीतच तशी. घरी आल्यावरही मी कधी विचारलं नाही. ती पदर डोक्यावरून घट्ट ओढून भाकरी करायची, ताट माझ्यापुढे सरकवायची. दोन-तीन दिवसांनी भाकरी करपायला लागल्या. मी म्हणालो, लक्ष कुठं असतं तुझं. तिने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. सासू असती तर तिला दाखवलं असतं. मला काय दाखवणार?

गौरीचे दिवस जवळ आले होते. दुपारी एक कासारीण दारात आली, डोक्यावर बांगड्यांची पेटी. तिला बघूनच माझं टाळकं सरकलं. दर वर्षी माझी बायको ओट्यावर बसून बांगड्या भरायची आणि भावावरून भांडायची. मी म्हणालो, "ह्या घरात बांगड्या भरणारी गेली बाई. म्होरं जा."

ती पेटी खाली ठेवत म्हणाली, "जाते की आबा. पानी तरी पाजाल का ते बी गेलं?"

असलं बोलणं मी कुणाचं ऐकून घेतलं नसतं. पण पाण्याला नाही कसं म्हणायचं? सविता तांब्या घेऊन बाहेर आली. ऑपरेशनच्या वेळी तिच्या बांगड्या काढल्या होत्या, त्या परत घातल्याच नव्हत्या. बाई म्हणाली, "अगं, नवरा हाय ना जित्ता? मग हात भुंडं का?" आणि तिने सविताचा हात ओढून मांडीवर घेतला. क्षणात बाईचा चेहरा उतरला. तिने दंड चाचपला, कपाळाला हात लावला. मग सविताला धरून आत घेऊन गेली आणि दार लावलं.

बाहेर आली ती माझ्यावर तडकलीच. "आबा, पोरगी भाजून निघालीया. छाती लालभडक झालीया, टाक्यातून पू येतोया. घरात दोन मानसं, अन एकाला बी कळंना व्हय?"

मी शेजारची पिकअप आणली. कासारीण पेटी आमच्या ओट्यावर तशीच टाकून सविताला कुशीत धरून मागे बसली. वाटेत सविता रडत म्हणत होती की थोडी सूज येते, निळं पडतं, असं नर्सबाई बोलल्या होत्या, म्हणून वाटलं हे तसंच असेल. ताप आला, लाली आली, वास आला तर लगेच या, हेही त्या बोलल्या होत्या. पण सांगू कुणाला, असं ती दोनदा म्हणाली. मी पुढे बसून ऐकत होतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाके उघडून पू काढला. जखमेवर पिवळं दिसलं तेव्हा फार चिडल्या. शेजारच्या वहिनीने खंडोबाचा भंडारा दिला होता, तो सविताने टाक्यांवर लावला होता. तेही देवाचंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर विष अंगात पसरलं असतं. मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो. शेजारी ती कासारीण डुलकी घेत होती. माझे हात आपोआप जोडले गेले. रागातच जोडले. मी मनात म्हणालो, हिला वाचव, माझं तुझं नंतर बघू.

सविता वाचली. पुढे मंचरच्या बाजारात ती बाई भेटली, वारूळवाडीची. मी तिला विचारलं, त्या दिवशी आमच्याकडे कशी आलीस. ती म्हणाली, "मला जायचं व्हतं पाबळला. एष्टीत डोळा लागला, लोणीला कुनीतरी हलवलं, पाबळ आलं वाटलं, उतरले." एवढंच. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या मात्र ओठांवर आलं होतं, मग दोन वर्षांपूर्वी का नाही डोळा लागला तुझा? पण ते तिला विचारायचं नव्हतं, आणि ज्याला विचारायचं तो बोलत नाही. तो कुणाच्या दारात कुणाला उतरवतो आणि कुणाचं दार सोडून जातो, याचा हिशेब मला कधी लागणार नाही. तो लावणं मी सोडलं आहे. राग गेलेला नाही. पण जे मिळालं त्याला मिळालं म्हणायला पाहिजे, एवढं कळलं. त्या बाईचे आणि तिला उतरवणाऱ्याचे उपकार माझ्या डोक्यावर आहेत.

आता रोज सकाळी मी ओट्यावरून आत आवाज देतो. ताप आहे का, लाल झालंय का, पाणी सुटतंय का, हात वर जातोय का. पहिल्या दिवशी मी अडखळत विचारलं, आणि सविताने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. मग हळू सांगितलं. एकदा जखमेखाली पाणी साठलं तर तिने स्वतःहून सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सुईने काढलं, तासाभरात परत आलो.

काल मी गुरांच्या नादात विसरलो. ती बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, आज इचारलं न्हाई तुमी."

मी विचारलं.