रखवालदाराची बाज

मी एका माणसाच्या डोक्यात बांबू घातला आहे. दोन्ही हातांनी, पूर्ण ताकदीनं, सकाळी अकराच्या उन्हात. एरवी मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या मुलांना व्यवसाय कायदे आणि व्यावसायिक नीती शिकवते. पहिल्या गोष्टीला दुसरीच कारण झाली, म्हणून हे लिहिते आहे.

मोर्शीकडे आमची संत्र्याची बाग आहे. वडिलांनंतर धाकटा भाऊ ती पाहतो. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. आमच्याकडे बहुतेक लोक माल तोडून विकत नाहीत. फळ झाडावर असतानाच व्यापारी बाग फिरून पाहतो, भाव ठरतो, तो इसार देतो. त्या दिवसापासून फळ त्याचं. त्याचा रखवालदार बागेत येऊन राहतो, आणि मग घरी पाहुणे आले तरी मालक आपल्याच झाडाचं फळ त्याला विचारल्याशिवाय तोडत नाही. कागद होतो तो अर्धं पान. तोडणी कधी, हे त्यावर बहुधा नसतं. पण एक गोष्ट आमच्याकडच्या लहान पोरालाही कळते: रखवालदाराची बाज, म्हणजे त्याची झोपायची खाट, बागेत आहे तोवर सौदा जिवंत. व्यापाऱ्याला सौदा सोडायचा असला की त्याचा माणूस बाज डोक्यावर घेऊन निघून जातो. हे कुठं लिहिलेलं नाही, आणि त्यावरून कधी कुणी भांडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी मृग बहाराच्या फळाचा सौदा झाला आणि नंतर भाव चढला. फेब्रुवारीत भावाचा फोन आला.

“ताई, तो रखवालदार आठ दिवसांपासून दिसून नाई राहिला. अन् अकोल्याचा एक व्यापारी दारात येऊन बसला हाये. चांगला भाव देतो म्हनते.”

“पहिल्या व्यापाऱ्यानं तोडणीचं काही सांगितलं?”

“नाई.”

“कागदावर तारीख?”

“तारीख कोन लिहिते वो?”

“मग झालं. राखण नाही, तोडणी नाही, वाजवी मुदत संपली. त्यानं ताबा सोडला. दे दुसऱ्याला.”

“बाज हाये ना पन बागेत.”

मी पेपर तपासत होते. “बाज म्हणजे माणूस आहे का? उचल आणि गोठ्यात टाक.”

“तू म्हनते तर टाकतो. प्रोफेसरीनबाई तू हायेस.”

पहिल्या व्यापाऱ्याला फोन केलास का, असं मी विचारलं नाही. दरवर्षी वर्गात मी सांगते की समोरच्यानं करार मोडला असं वाटलं तर आधी त्याला कळवा. ते फळ्यावर लिहिते, खाली रेघ ओढते. त्या दिवशी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. व्यापाऱ्यानं “उद्या येतो” म्हटलं असतं, आणि चढलेला भाव हातचा गेला असता. कायदा आणि नीती यांतला फरक हा आमच्याकडे पाच मार्कांचा प्रश्न आहे. मी स्वतः त्यात शून्य मार्क मिळवले.

पुढच्या रविवारी तोडणी होती. मी गावी गेले. अकोल्याच्या व्यापाऱ्याची दहा-बारा माणसं कामाला लागली होती. शिड्या लागलेल्या, कात्र्या चाललेल्या, क्रेट भरून गाडीत चढत होते. एवढ्यात दोन जीप धुऱ्यावरून, शेताचा बांध तुडवत, सरळ बागेत घुसल्या. पहिला व्यापारी उतरला, त्याच्यामागे आठ माणसं, हातात काठ्या.

“कोनाच्या बापाची बाग तोडून राहिले बे?” तो ओरडला.

भाऊ पुढं झाला. “माह्या बापाची. तुमचा सौदा संपला.”

“इसार तुह्या खिशात, माल माहा, अन् सौदा संपला?”

भावानं त्याची कॉलर धरली. बोलणं तिथं संपलं. पहिली काठी भावाच्या उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी वीस पावलांवरून ऐकला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. तो खाली बसला, तशी दुसरी खांद्यावर, तिसरी पाठीवर. तोडणीवाले पळाले नाहीत. क्रेट फेकले, कात्र्या उगारल्या. एकाचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला. मेळघाटातून आलेला एक मजूर अजून शिडीवरच होता. त्याचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. कुणीतरी शिडीला लाथ घातली. तो मांडीवर पडला, आणि मांडी जिथं वाकायला नको तिथं वाकली. पायांखाली संत्री फुटून चिखल झाला होता. माणसं त्यात घसरत होती आणि पडलेल्याला मारत होती.

एक जण गोठ्याकडं धावत जाताना मला दिसला. गोठ्यात माझी भावजय दार लावून बसली होती. मी झाडाला टेकू दिलेला बांबू ओढून काढला आणि मागून त्याच्या डोक्यात घातला. तो गुडघ्यांवर आला. मी आणखी एक मारला. मला तेव्हा बरं वाटलं, हेही सांगून टाकते. पन्नाशीच्या बाईच्या हातात एवढा जोर असतो हे मलाही माहीत नव्हतं.

तो आडवा झाला तेव्हा टोपी पडली. डोकं नुकतंच भादरलेलं होतं. पांढऱ्या टाळूवर रक्त आलं की ते फार लाल दिसतं. तो रखवालदार होता. इतके दिवस कुठं होता, हे मला त्या डोक्याकडं पाहून कळलं. बापाची तेरवी करून आला होता.

“बाई, मी माही बाज पाहाले चाल्लो होतो,” तो म्हणाला, आणि ओकला.

दुपारी सगळे सरकारी दवाखान्यात होतो. एकाच वऱ्हांड्यात, समोरासमोरच्या बाकांवर, एकमेकांना आईवरून शिव्या देत. कंपाउंडर म्हणाला, “दोन्ही पार्ट्या गप बसा, नाईतर एकाच सुईनं टाके घालतो.” त्यावर गाल फाटलेला हसला आणि हसल्यामुळं कळवळला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात भावानं तक्रार नोंदवली. त्यात असं होतं की सौदा केव्हाच मोडला होता, बागेत व्यापाऱ्याचं काही नव्हतं, ही माणसं माल चोरायला हत्यारं घेऊन घुसली. व्यापाऱ्यानं वकील आणला होता. व्यापारी संध्याकाळपर्यंत घरी जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. रखवालदाराला वकील नव्हता. टाके घातलेल्या डोक्यानं तो कोपऱ्यात जमिनीवर बसला होता. ठाणेदारांनी त्याचं नाव चोरीच्या यादीत सर्वांत वर घातलं, कारण तो गोठ्याकडं जाताना मार खाऊन पडला होता, म्हणजे आत घुसत होता. त्याची बायको दारात उभी होती. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “सायेब, तो तिथं राहेच ना.” तिचं कुणी लिहून घेत नव्हतं.

भाऊ गळ्यात हात बांधून माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, “ताई, तुले इचारतीन. बाज नवती म्हन. बस, तेवढंच. तू प्रोफेसर हायेस, तुह्या शब्दाले वजन हाये.”

“बाज होती.”

“मले माहीत हाये होती. तूच उचल म्हनली.”

“म्हणूनच.”

“माहा हात पाह्य ना. काहून माह्या मुळावर उठली तू?”

हात मी पाहिला होता. मनगट कोपराएवढं सुजलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की बोटं पूर्ण मिटतील याची खात्री नाही. ज्यांनी ते केलं त्यांना शिक्षा व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. आजही वाटतं. पण काठी मारणारा वेगळा होता, आणि चोर म्हणून आत जाणार होता तो आपली झोपायची बाज शोधायला निघालेला माणूस.

ठाणेदारांनी मला खुर्ची दिली. रखवालदाराला दिली नव्हती.

मी सांगितलं ते असं: सौदा चालू होता. आम्ही व्यापाऱ्याला कळवलं नाही. बाज बागेत होती, ती माझ्या सांगण्यावरून उचलली, गोठ्यात आहे, जाऊन पंचनामा करा. हा रखवालदार तिथं हक्कानं राहत होता. त्यानं कुणाला मारलं नाही. त्याला मी मारलं, मागून, दोनदा.

“मॅडम, शेवटचं सांगायची गरज नाही,” ठाणेदार म्हणाले. “तुमची नोकरी आहे.”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं. मी वाचलं, एका ठिकाणी ‘एकदा’ लिहिलं होतं ते ‘दोनदा’ करायला लावलं, आणि सही केली.

बाहेर आले तर भाऊ उभा. त्यानं डाव्या हातानं माझ्या तोंडात मारली. चष्मा उडाला. आमच्याकडं थोरल्या बहिणीवर कुणी हात उचलत नाही. आवारातली दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी राहिली. ओठातून रक्त आलं, ते मी पदरानं पुसलं. दारातला हवालदार धावत आला.

“बाई, घ्यायची का तक्रार?”

“आधी त्या माणसाचं नाव चोरीतून काढा. मग माझं नाव मारामारीत घाला. मग पाहू.”

तासाभरानं नाव निघालं. रखवालदार बायकोच्या खांद्यावर हात टाकून फाटकाबाहेर पडला, तेव्हा माझं नाव लिहिणं चालू होतं. वडिलांचं नाव, वय, धंदा. ‘धंदा’ या रकान्याशी हवालदार थांबला आणि माझ्याकडं पाहू लागला. मी त्याला सांगितलं, व्यवसाय कायदा शिकवते, तसंच लिहा.