त्रेख्तमोआका सारा

आमच्या बोलीत हाडं बसवणाऱ्याला ‘त्रेख्तमोआका’ म्हणतात. त्रेख्त म्हणजे नीट, मोआका म्हणजे करणारा. शब्दात ना हाड, ना सांधा! सासूबाई सांगायच्या, आमचे पूर्वज रशियात असताना घोड्यावरून पडलेला माणूस ‘मला नीट करा’ एवढंच ओरडायचा, त्यावरून धंद्यालाही तेच नाव पडलं. खरंखोटं देव जाणे. इथे समुद्रापार, चिवावा प्रांतातल्या आमच्या वसाहतीत हे नाव एकटीलाच होतं, माझ्या थोरल्या जावेला, साराला.

त्या दिवशी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चुलीपासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझारा. कारण तिचा मुलगा, ओब्राम. ट्रॅक्टरची लोखंडी चाकं काढून रबरी टायर लावले म्हणून चर्चच्या मंडळींनी त्याला वाळीत टाकलं होतं; रबरी टायर आले की पोरं शहराकडे पळतात, असं त्यांचं म्हणणं. वाळीतल्या माणसाबरोबर जेवायचं नाही, त्याच्या हातचं काही घ्यायचं नाही. घेणाराही वाळीत! आणि सकाळीच निरोप आला, ओब्राम गंजीवरून पडला, खांदा निखळलाय, घेऊन येतोय.

“जाऊबाई, बसा हो जरा! मलाच गरगरायला लागलं.”

“तुझा पोरगा असता म्हणजे कळलं असतं!”

बग्गी दारात आली. साराच्या सुनेने ओब्रामला उतरवलं. पांढराफटक पडला होता, हात लोंबत होता.

“आई, नको. उद्या तुलाही बाहेर काढतील.”

“गप रे! मोठा आला शहाणा. टायर लावताना विचारलं होतंस मला?”

तिने त्याला जमिनीवर निजवलं, काखेत टाच रोवली, मनगट धरून सावकाश ओढलं. कट्! ओब्राम किंचाळला. माझ्या जिवात जीव आला. दुखणाइताला हात लावल्याबद्दल मंडळीही कुणाला बोल लावत नाहीत.

पण साराची एक रीत होती. बसवलेल्या हाताने दुखणाइताने पाण्याचा पेला तिला द्यायचा आणि तिने तो प्यायचा. त्याशिवाय ती कुणाला घरी सोडत नसे.

“आज राहू द्या ना ते,” मी तिची बाही ओढली.

“का? हा माझा कुणी नाही?”

ओब्रामने पेला पुढे केला. अर्धं पाणी सांडलं. उरलेलं सारा गटागटा प्यायली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून ढसाढसा रडली.

रविवारी तिने स्वतःच मंडळींना सांगितलं. तिलाही वाळीत टाकलं. आता मायलेक एका टेबलाशी जेवतात, आणि मला कुंपणाबाहेरूनच त्यांची खबर घ्यावी लागते; आत गेले तर सारा काहीतरी हातावर ठेवणारच.