बोटींवरच्या अक्षरांचा फाँट

फाँट चोरीला जातो म्हणजे काय होतं, हे आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. वस्तू जागेवरच असते. फोल्डर उघडलं की दिसते, चालते. फक्त ती आता आणखी कुणाकडे तरी आहे एवढंच कळतं, आणि मग माणूस शेजारच्या टेबलाकडे बघायला लागतो. आमच्या दुकानात ते बघणं सुरू झालं त्याला नऊ वर्षं झाली. त्यात एका बाईची नोकरी गेली. नोकरीपेक्षा वाईट म्हणजे नाव गेलं. चूक माझी होती आणि मी गप्प बसलो. आता लिहितोय तर आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी पुन्हा कुठेतरी वळण घेईन.

दुकान भाईंदर पूर्वेला, नवघर रोडला. लग्नपत्रिका, स्मरणिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या. डिझाइन आम्ही करायचो, छपाई बाहेरून. मालक रायगडकडचे, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. मी रत्नागिरीचा, वीस वर्षं याच कामात. आणि दुसऱ्या मशीनवर ती. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध कुटुंबातली. मी तिला नावाने हाक मारायचो, ती मला दादा म्हणायची.

फाँटच्या बाबतीत आमचा धंदा म्हणजे सगळा उसनवारीचा. पेनड्राइव्हमध्ये हजारभर फाँट, कुठून आले कुणालाच ठाऊक नाही. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाताना माणूस डबा विसरेल, पण फाँटचं फोल्डर विसरणार नाही. नवीन मशीन आलं की सगळे सिलेक्ट करायचे आणि इन्स्टॉल दाबायचं, मग सॉफ्टवेअर उघडायला पाच मिनिटं लागली तरी चालेल. फाँट विकत घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

त्या सगळ्या ढिगात एकच फाँट खरोखर आमचा होता, आणि तो तिने केला होता.

उत्तनला, भाईंदरच्या पश्चिमेच्या कोळीवाड्यात, एक म्हातारे पेंटर होते. बोटींवर नावं रंगवायचे. जाड, किंचित पुढे झुकलेली अक्षरं, शिरोरेषेला शेवटी एक छोटा झटका. तिथल्याच तारोडी गावातल्या एका लग्नपत्रिकेच्या कामाला गेलेली असताना तिने ती पाहिली आणि वेडी झाली. मग सुट्टीच्या दिवशी जाऊन किनाऱ्यावर ओढलेल्या बोटींचे फोटो काढायची, दुपारी जेवणाच्या वेळेत एकेक अक्षर ट्रेस करायची. जी अक्षरं बोटींवर सापडली नाहीत ती म्हाताऱ्यांकडून वहीत काढून आणली. त्यांनी दिली, पण एक अट घातली. ती आम्हाला त्यांची नक्कल करून दाखवायची: "माजा हात हाय तो. बोटीवर शोभतंय. गटाराच्या बोर्डावर न्हाय लावाचा."

शेठना फाँट फार आवडला. उत्तन पट्ट्यातलं सगळं काम आमच्याकडे यायला लागलं. सणाचे फ्लेक्स, पत्रिका, बोटींच्या पाट्यासुद्धा. त्यांनी नियम केला, कागदावर छापून दोन्ही मॉनिटरला चिकटवला: हा फाँट दुकानाबाहेर जाणार नाही. छपाईला फाइल देताना कर्व्ह करूनच द्यायची. कर्व्ह म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकायचं. मग समोरच्याकडे फाँट लागत नाही, आणि त्याला अक्षर बदलताही येत नाही. कंट्रोल दाबून क्यू, एवढंच काम.

एके दिवशी शेठ मीरा रोडहून आले आणि चहा न घेता मोबाइल माझ्यासमोर धरला. कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स. त्यावर आमची अक्षरं. काम आमचं नव्हतं.

"आपल्या तिघांशिवाय हा कुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली.

त्या आठवड्यात दुकानाची हवाच बदलली. शेठ कधीही यायचे, मागे उभे राहायचे. पेनड्राइव्ह संध्याकाळी त्यांच्याकडे जमा करायचे. मेल उघडला की खुर्ची सरकल्याचा आवाज. मी तिच्या स्क्रीनकडे बघायचो, ती माझ्या. आपण बघतोय हे समोरच्याला कळतंय, हेही दोघांना कळायचं. तिने पाण्याची बाटली भरायला उठताना स्क्रीन लॉक केली, तेव्हा मनात म्हटलं, बघ, काहीतरी आहे. मीही लॉक करत होतो, पण माझी ती सावधगिरी.

मला तिच्यावर खरोखरच संशय होता. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं त्यातूनच आलं. फाँट तिने केलेला, तिच्या घरच्या लॅपटॉपवर होता. तिचा एक चुलतभाऊ मीरा रोडला फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानात कामाला होता, हे तिनेच मला कधीतरी गप्पांत सांगितलेलं. ते मी शेठना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. मी आपणहून सांगितलं, वर "मी नाव घेत नाही कुणाचं" असंही म्हणालो. शेठ म्हणाले, असंच काहीतरी असणार. त्या 'असंच'मध्ये काय होतं ते आम्हा दोघांना कळत होतं. तिचं आडनाव आम्ही उच्चारलं नाही, पण तिच्यावर संशय घेणं आम्हाला जे इतकं सोपं गेलं, त्यात ते होतं. चुलतभाऊ माझाही एक आहे, काशिमीऱ्याला, छपाईच्याच लाइनमध्ये. त्याची आठवण कुणालाच झाली नाही.

दोन दिवसांनी शेठनी तो फोटो मला पाठवला, फाँट तोच आहे ना हे नीट जुळवून बघ म्हणून. मी मोठा करून बघितला. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. हार्दिकमध्ये रफार आणि वेलांटी एकमेकांत अडकली होती, जाळ्यात गाठ पडते तशी.

मी फोटो आणखी मोठा केला. कारण ती गाठ तिने केव्हाच सोडवली होती. फाँट तयार झाल्यावर दोन-तीन महिन्यांत तिने नवीन फाइल दिली होती, रफार सरळ केलेली. दादा, जुना काढा, हा टाका. पण जुना काढायचा म्हणजे सॉफ्टवेअर बंद करा, मशीन रीस्टार्ट करा, आणि जुन्या फाइलींतल्या ओळी सरकतात त्या नीट करत बसा. मी म्हणत राहिलो, उद्या टाकतो. टाकलाच नाही. गाठवाला फाँट जगात एकाच मशीनवर होता, आणि मी त्या मशीनसमोर बसलो होतो.

मग मेल शोधले. चार महिन्यांपूर्वी उत्तनच्या एका मंडळाची स्मरणिका होती, साठ पानांची. मंडळवाले शेवटपर्यंत नावं बदलत होते. एकाचं नाव राहिलं, एकाचं खाली गेलं म्हणून रुसवा. दर वेळी मी बदल करायचो, साठ पानं कर्व्ह करायचो, फाइल पाठवायचो, की पुन्हा फोन. शेवटी प्रेसचा ऑपरेटर वैतागून म्हणाला, भाई, ओपन फाइल भेज दो, करेक्शन मैं इधर ही कर दूँगा. मी ओपन फाइल पाठवली, म्हणजे कर्व्ह न केलेली. त्याच्याकडे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायला लागला, कारण फाँट नव्हता. तेव्हा मी 'कलेक्ट फॉर आउटपुट' दाबलं. सॉफ्टवेअर आपणहून फोल्डर बनवतं, त्यात फाइल, फोटो, आणि वापरलेले सगळे फाँट. मी ते फोल्डर झिप करून पाठवलं आणि जेवायला बसलो. मॉनिटरवरचा कागद तेव्हा माझ्या डोळ्यांसमोरच होता. त्या प्रेसमध्ये दहा-बारा दुकानांची कामं यायची. तिथून फाँट कुठे जाणार हे विचारायचीही गरज नाही.

मी तो मेल पाठवलेल्यांतून काढला. मग कचऱ्यातूनही काढला. तोपर्यंत चूक होती, त्यानंतर गुन्हा झाला, असं मी मानतो. शेठना सांगितलं, हो, फाँट आपलाच आहे. रफाराबद्दल बोललो नाही. त्यांना त्यातलं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उदबत्ती फिरवून झाल्यावर, शेठनी तिला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. तिने कारण विचारलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं आता ती मान वर करेल आणि संपलं. तिने मोबाइल परत दिला, माझ्याकडे वळली.

"दादा, तुमचं काय म्हणणं आहे?"

मी म्हणालो, "शेठ म्हणतायत म्हणजे काहीतरी असेलच ना."

ती डबा आणि छत्री घेऊन गेली. शेठनी संध्याकाळी डिझाइनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव घालून लिहिलं, की हिला कामाला ठेवण्याआधी मला विचारा. त्या ग्रुपमध्ये मीरा रोड ते भाईंदर सगळे होते. कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. विचारायला लागूच नये असा तो मेसेज होता.

त्यानंतर माझं जे झालं त्याला शिक्षा म्हणणार नाही, शिक्षा तिला झाली. पण संशय मात्र माझ्याकडे राहायला आला. चहाच्या टपरीवर दोन ऑपरेटर हसले की वाटायचं प्रेसवाल्याने सांगितलं. प्रेसवाला नेहमीपेक्षा गोड बोलला की वाटायचं त्याला काहीतरी हवंय. तिने तो फोटो इतका वेळ का बघितला, हे तर रोजचं झालं. तिला दिसलं असेल तर ती गप्प का? दिसलं नसेल, तर ज्या बाईने ती गाठ स्वतः सोडवली तिला दिसलं कसं नाही? मी दुकान बदललं. तोवर ती अक्षरं सगळीकडे पसरली. दहीहंडी, रक्तदान, क्लासेस, मूळव्याधीचा इलाज. एकदा सार्वजनिक शौचालयाच्या पाटीवर दिसली. मला म्हातारे पेंटर आठवले आणि मी रिक्षा दुसऱ्या रस्त्याने घ्यायला लावली. जिथे जिथे रफाराला वेलांटी भेटायची तिथे गाठ होती. माझीच कॉपी सगळ्यांकडे.

मग या वर्षी एका ओळखीच्याकडे लग्नपत्रिका हातात आली. तीच अक्षरं, आणि 'हार्दिक निमंत्रण'मधला रफार सरळ. ती फाइल शेठच्या दुकानाबाहेर एकाच माणसाकडे असू शकत होती. पत्रिकेच्या मागे बारीक अक्षरांत मोबाइल नंबर आणि नवघरमधल्या एका गल्लीचा पत्ता होता. पंधरा दिवस ती पत्रिका बॅगेत ठेवून फिरलो आणि एका दुपारी गेलो.

तळमजल्याची खोली, झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, बाहेर आधारची प्रिंट काढायला दोघंजण. तिने मला ओळखलं. "या दादा, बसा" म्हणाली, जणू मी गेल्या आठवड्यात येऊन गेलो होतो. गिऱ्हाईक गेल्यावर मी सांगितलं. स्मरणिका, ओपन फाइल, फोल्डर, डिलीट केलेला मेल, चुलतभावाचं शेठना मी सांगितलं तेही. ती कागदांना स्टेपल मारत होती, थांबली नाही.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "हार्दिकमध्ये."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

"माझं कोण ऐकणार होतं? शेठना रफार दाखवत बसू? तुम्हाला विचारलं ना मी. तुम्ही सांगितलंत काय ते."

मला वाटलं निदान एक गोष्ट तरी माझ्या बाजूने आहे, म्हणून म्हणालो की मी तो विकला नव्हता, वाईट हेतूने दिला नव्हता, फक्त कंटाळा केला. तिने पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं.

"मी आजपर्यंत समजत होते तुम्ही विकलात. म्हणजे तुम्हाला तरी काही मिळालं असेल." मग थोडं हसली. "कंटाळ्यापायी माझं नाव घालवलंत होय."

मी माफी मागितली. तिने ती घेतली की नाही ते मला कळलं नाही. ती म्हणाली, "मला काय सांगताय दादा? मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." तेवढ्यात रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला एक बाई आली आणि ती उठली.

बाहेर येऊन मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि तिथेच त्या ग्रुपवर लिहिलं. ग्रुप अजून आहे, आता तीनशेच्या वर माणसं. मोठं लिहिलं नाही. तिचं पूर्ण नाव लिहिलं, फाँट तिने केला हे लिहिलं, बाहेर मी पाठवला, माहीत असून गप्प बसलो, आणि तिच्याबद्दल तेव्हा इथे जे लिहिलं गेलं ते खोटं होतं. माझंही नाव लिहिलं. मग पाठवायचं बटण दाबायच्या आधी जेवढा वेळ गेला तेवढा गेला.

पायरीवरच बसून मी स्क्रीन बघत राहिलो. मग एकाने अंगठा टाकला, कशाला ते त्यालाच माहीत. मग एकाने, जो मला ओळखतही नाही, लिहिलं: "भाऊ, रफार सरळवाली फाइल असेल तर टाका ना."

मी उत्तर दिलं नाही. नवघर नाक्यापर्यंत चालत आलो तेव्हा शेठचा फोन आला. आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. उचलला. त्यांनी वाचलं होतं. शिव्या देतील असं वाटलं, त्यांनी दिल्या नाहीत. मागे प्रिंटरचा आवाज चालू होता. मग म्हणाले, "तिचा नंबर आहे तुझ्याकडे?"

पत्रिका बॅगेतच होती.

"आहे," मी म्हणालो. "तिला विचारतो. ती हो म्हणाली तर देतो."